कुलूपबंद नकाशा

कोक्कोला बंदरामागच्या जुन्या मासळी-गोदामात
माझी व्हॉल्वो दोन स्टँडवर उभी आहे.
बाहेर उणे तेवीस, आत उणे चार,
म्हणजे ऊबच म्हणायची.

इंजिनात बिघाड काहीच नाही. टर्बो तेवढा बदलला,
जरा मोठा, आणि त्याला पुरतील असे इंजेक्टर.
पण डॅशबोर्डखालचा जुना मेंदू
अजून धाकट्या टर्बोचाच हिशेब मांडतो,
आणि त्याला हात लावू गेलं की
पडद्यावर चौकोन येतो : पासवर्ड.

तो ओस्मोला ठाऊक होता.
ओस्मो ऑक्टोबरात गेला.

नऊ वर्षांपूर्वी, रात्री तीनला, रिकाम्या रस्त्यावर
शेजारच्या सीटवर मांडीवर लॅपटॉप घेऊन
तो म्हणायचा, दाब. अजून दाब. सोड.
आणि सोळा सोळे दोनशे छप्पन घरांत
एकेक आकडा बसवायचा, ओठ हलवत,
माझी आई हातमोज्याचे टाके मोजायची तसा.

पुतण्या आर्तू म्हणतो, हे घे, स्वतः शिकणारं.
एक्झॉस्टमध्ये सेन्सर खुपस, आठवडाभर हिंड,
त्याचं ते शिकेल.
शिकेल की. पण तापल्यावर.
तोवर ते ठार बहिरं,
आणि माझी रात्रपाळी पाचला सुटते
तेव्हा तेलाचा मध झालेला असतो.

दुसरं शर्यतवाल्यांचं. वायरींचा हा एवढा झुबका,
चार तऱ्हेचा बूस्ट, आणि किंमत ऐकून
मी उलट्या बादलीवर खालीच बसले.
मला कुठे कुणाला हरवायचंय?
शिपयार्ड ते घर अठरा किलोमीटर,
आणि मधल्या सरळ पट्ट्यावर, एल्क आडवा आला नाही तर,
चौथ्या गियरमध्ये एकदा पाठ सीटला चिकटावी.
एवढंच. एवढ्यासाठीच तर सगळं.

तिसरं अगदी उघडंबोडकं. कोरी पाटी.
भराल ते खरं. चुकलात तर पिस्टन वितळेल,
आणि भांडायला समोर कुणी नाही.

रविवारी सिर्काकडे गेले.
ओस्मोचा लॅपटॉप उघडून आम्ही दोघी बसलो.
तिची जन्मतारीख. कुत्र्याचं नाव. बोटीचा नंबर.
लग्नाची तारीख टाकताना ती जराशी थांबली,
आणि तीही चूक निघाल्यावर
मोठ्यानं हसली : मला वाटलंच होतं.

मग सॉनाच्या बाकाखालून तिनं वही काढली,
तेलकट अंगठे उमटलेली.
उणे नऊ : नीट.
उणे सोळा : स्टार्टला अठरा मिलिसेकंद. बरी.
उणे सत्तावीस : तिसऱ्यांदा घेतली. हिल्कानं शिव्या दिल्या.
हिल्का म्हणजे मी.

पासवर्ड नव्हता कुठेच.
पण कुलूप नकाशाला होतं, थंडीला नव्हतं.

तिसरं घेतलं.

आर्तूनं कपाळावर हात मारला, आणि त्याच हातानं
तीन शनिवार माझ्या बरोबरीनं वायरी सोलल्या.
वहीतले आकडे जसेच्या तसे लागू पडेनात,
इंजेक्टर मोठे, म्हणून प्रत्येकाला भागायचं,
समासात, शिसपेन्सिलीनं, ताठलेल्या बोटांनी.
भागाकारात मी शाळेपासून कच्ची.
सगळं भरून झाल्यावर खोक्यानं विचारलं :
कुलूप लावायचं?
मी नको म्हटलं.

आज पहाटे पाचला दुसऱ्या खेपेला घेतली.
सरळ पट्ट्यावर टर्बोनं लांब श्वास ओढला,
आणि पाठ, हो, चिकटली.
हॉस्पिटलच्या सिग्नलपाशी मात्र दोन आचके, आणि बंद.
मागच्या दूधगाडीनं दिवे मारले.
मी हातमोजा दातांत धरून वही उघडली,
त्याच्या अक्षराखाली लिहिलं :
उणे बावीस. आयडलला मेली. अजून थोडं द्यावं लागेल.
शिव्या कुणी कुणाला दिल्या,
ती जागा कोरी ठेवली.